बिनउचलीचे पैसे

"वन्सं, मशीन नगं. द्यायचंच आसंल तर पैसंच द्या."

वहिनी सोप्यातल्या खांबाला टेकून बसली होती आणि बोलताना अंगणाकडे बघत होती. आम्ही तिघं भावंडं, अण्णा, मी आणि धाकटी, एकदम गप्प झालो. आमचं सगळं ठरलेलं होतं. सोलापुरात दुकानात जाऊन पायाचं शिलाई मशीन बघून आलो होतो, पुढं मोटर बसवता येईल असं. दुकानदार वरचं कव्हर फुकट देणार होता. फक्त टेम्पोत घालून गावाला न्यायचं बाकी होतं.

"अगं, पण शिवणकाम शिकलीस तर घरबसल्या चार पैसे येतील," धाकटी म्हणाली.

"गावात पाच मशिनी हायत्या, ताई. एकीवर ज्वारीचं पोतं ठिवलंय. पोलकी शिवायची तरी कुणाची?"

हे ऑगस्ट २०२२ मधलं. आईच्या वर्षश्राद्धासाठी आम्ही गावी जमलो होतो. आई जाताना सांगून गेली होती, माझ्या नावानं बुंदीच्या पंगती उठवू नका, जेवायला येतात ते घरीही जेवतच असतात. मांडव, आचारी, कीर्तन आणि गावजेवण मिळून अण्णानं चाळीस हजारांचा अंदाज काढला होता. तेवढ्याच रकमेत एखाद्या घराला हातभार लावायचा असं आम्ही ठरवलं आणि तिघांच्याही तोंडी एकच घर आलं, चुलत भावाचं. वहिनी वयानं माझ्याहून कितीतरी धाकटी, पण नात्यानं वहिनी ती वहिनीच.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीकडे. मंगळवेढा म्हटलं की लोकांना ज्वारीचं कोठार आठवतं, मालदांडीचा टपोरा दाणा आठवतो. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण ती ज्वारी पिकवणारी खोल काळी जमीन वेगळी. आमच्या बाजूला माळ, मुरूम आणि बाभळी. उपसा सिंचन योजनेचं नाव मी लहानपणापासून निवडणुकीच्या सभांमधून ऐकत आले. उजनीच्या पाण्यावर जिल्ह्यात ऊस झाला, राज्यात सगळ्यांत जास्त साखर कारखाने आमच्या सोलापूर जिल्ह्यात उभे राहिले आणि त्या सगळ्या वैभवातून आमच्या गावाच्या वाट्याला कोयता आला.

शहरात राहणाऱ्यांना कोयता म्हणजे हत्यार वाटतं. ऊसतोडीत कोयता हे माणसं मोजायचं माप आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. गणपतीच्या आसपास मुकादम, म्हणजे तोडणीला मजूर नेणारा ठेकेदार, दारात येतो, उचल, म्हणजे हंगामाच्या मजुरीची आगाऊ रक्कम, देतो, कागदावर सही किंवा अंगठा घेतो. दिवाळीत हुलजंतीला महालिंगरायाची यात्रा भरते आणि ती झाली की आमच्याकडची गावं रिकामी व्हायला लागतात. मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, फडाच्या, म्हणजे उसाच्या रानाच्या, कडेला कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहायचं. थंडीत पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात शिरायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या आणि रात्री गाडी आली की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं. उसाची वाढी, म्हणजे वरचे हिरवे शेंडे, विकून तेल-मीठ आणायचं. आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड. हंगामभर जे काम होतं ते उचलीतून वळतं करतात. काम कमी भरलं तर उरते ती बाकी, आणि बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते.

वहिनीचे असे सात हंगाम झाले होते. सातव्याला ऊस इतका झाला होता की अनेक ठिकाणी कारखाने मे-जूनपर्यंत चालले. पण ती जानेवारीत काविळीनं तीन आठवडे कोपीत पडून होती. नवरा एकटा किती तोडणार? साडेतेरा हजार बाकी निघाली.

हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. मशीन नको म्हणताना तिनं ते सांगितलंही नाही.

त्या रात्री आम्हा भावंडांत चांगलाच वाद झाला. अण्णाचं म्हणणं असं की वस्तू दिली की ती दिसते, पैसा दिला की तो जिरतो. त्यात चुलत भाऊ पितो, हे सगळ्या गावाला माहीत. धाकटी म्हणाली, मशीन नको तर पिठाची गिरणी देऊ, शेळ्या आपणच विकत घेऊन देऊ, पण रोख नको. मी कुठल्या बाजूला होते ते खरं सांगायचं तर मलाही रोख नकोच वाटत होतं. मशीनवर आईचं नाव घालता आलं असतं. 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ' अशी पाटी माझ्या मनात तयार होती. ते उघडपणे बोलले नाही, पण ते होतं.

आईचीच एक सांगण्याची गोष्ट त्या रात्री आठवली. मंगळवेढ्यात वाढलेल्या प्रत्येकाला ती माहीत असते. पंधराव्या शतकात मोठा दुष्काळ पडला आणि बिदरच्या बहामनी सुलतानाच्या पदरी असलेल्या दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारं उपाशी लोकांसाठी उघडली. पुढं सुलतानाचं बोलावणं आलं, तेव्हा पंढरीचा विठोबाच विठू महाराचं रूप घेऊन बिदरला गेला आणि धान्याचे पैसे भरून आला, अशी कथा आहे. आई ती सांगताना विठोबापाशी फार थांबत नसे. ती कोठारापाशी थांबे. १९७२ च्या दुष्काळात तिनं स्वतः खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी घशाखाली ढकलल्या होत्या. ती म्हणायची, "दामाजीनं पोतं भरून दिलं, पण तू याचं काय करणार गं, आसं न्हाई इचारलं कुणाला."

सकाळी मी अण्णाला म्हटलं, तिच्या खात्यावर टाकू. तिच्या, त्याच्या नव्हे. अण्णा राजी झाला, पण एका अटीवर. खर्चाचा हिशेब तिनं आम्हाला द्यायचा.

पैसे त्याच दुपारी मोबाइलवरून गेले. ते तिच्या हातात पडायला मात्र तीन दिवस लागले. ग्राहक सेवा केंद्रातल्या यंत्रावर तिचा अंगठा उठेना. सात वर्षं उसाची पानं आणि कोयत्याची मूठ, बोटांवरच्या रेघा पार गुळगुळीत झालेल्या. केंद्रातल्या पोरानं सांगितलं, मावशी, हात धुवा, तेल लावा, परत या. पहिल्या दिवशी परत, दुसऱ्या दिवशी परत. शेवटी नवऱ्याला घेऊन ती तालुक्याला शाखेत गेली. सरळ खात्यात जाणाऱ्या पैशाबद्दल आपण फार कौतुकानं बोलतो, मीही बोलते, पण खात्यापासून हातापर्यंतच्या या वाटेकडेही कुणीतरी बघायला हवं. दोन दिवसांचा रोज त्या वाटेत गेला.

आठवड्यानं फोनवर तिनं पहिला हिशेब दिला. साडेतेरा हजार मुकादमाला.

अण्णा भडकला. "आपण मुकादमाची भर करायला पैसे दिले का?" मलाही वाईट वाटलं. आईच्या वर्षश्राद्धाचा पैसा, एक तृतीयांश, पहिल्याच फटक्यात मुकादमाच्या खिशात. धाकटी तर म्हणाली, बघ, मशीन दिलं असतं तर निदान घरात राहिलं असतं.

मी वहिनीला फोन लावला. थोडं रागातच विचारलं. ती म्हणाली, "वन्सं, बाकी ठिवून शेळी घेतली आस्ती तर शेळी राखायची कुणी? आमी तर फडात."

बस, एवढंच. मला तोवर हे सुचलंच नव्हतं. शेळ्या, गिरणी, मशीन, जे काही आम्ही तिच्या दारात आणून उभं केलं असतं, त्याच्यापाशी थांबायला ती घरात असणारच नव्हती. दिवाळी झाली की ती टोळीबरोबर निघणार होती, कारण तिचे पुढचे सहा महिने आधीच विकले गेले होते. तिला वस्तूच्या आधी तिचे दिवस परत हवे होते. कुठल्याही मदत करणाऱ्यानं आपल्या यादीत 'मुकादमाची बाकी फेडणे' असं लिहिलं नसतं. आम्ही तर नक्कीच नाही.

त्यानंतर मी उचलीबद्दल खूप विचार केला. उचल हीसुद्धा रोख रक्कमच असते. हातात पडते, एकरकमी असते, कशावर खर्च करायची ते कुणी विचारत नाही. वहिनीच्या घरानं सात वर्षं दरवर्षी आमच्या चाळीस हजारांहून मोठी रक्कम हातात घेतली होती. त्या रकमेतून लग्नं झाली, आजारपणं निघाली, घरावर पत्रे पडले, आणि घर होतं तिथंच राहिलं. म्हणजे नुसत्या पैशात जादू असती तर ती सात वेळा घडायला हवी होती. पण उचलीच्या पैशाला मागं दोरी असते आणि ती सहा महिन्यांनी ओढली जाते. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं आगाऊ रकमेपायी माणसाला कामाला जखडून ठेवणं केव्हाच बेकायदा ठरवलं आहे. आमच्या गावात तो कायदा कुणी कुणाला वाचून दाखवलेला नाही. आम्ही दिलेले पैसे उचलीपेक्षा कमीच होते, फरक होता तो मागे दोरी नसण्याचा. वहिनीनं त्यातल्या पहिल्या पैशांनी जुनी दोरी कापली. मुकादमानं कागद परत दिला. तिनं तो चुलीत घातला.

उरलेल्या पैशांचं असं झालं. सांगोल्याच्या बाजारातून दोन गाभण उस्मानाबादी शेळ्या, एकोणीस हजारांना. पत्रे आणि जाळी बत्तीसशे. लेकीच्या शाळेचा ड्रेस आणि जुन्या सायकलची दुरुस्ती, दीड हजार. बाकीचे अठ्ठावीसशे अडीअडचणीला म्हणून घरात ठेवले.

शेळ्या विकत घ्यायला ती आणि नवरा दोघं गेले होते. तिनं व्यापाऱ्याचं ऐकलं नाही. स्वतः कास चाचपली, दात बघितले, चालवून बघितलं. एक शेळी देखणी होती, कानावर पांढरे ठिपके, पण ती खाली बसून उठताना पाय झटकत होती म्हणून सोडली. आम्ही शेळ्या घ्यायला गेलो असतो तर तीच देखणी घेऊन आलो असतो, हे मी खात्रीनं सांगते. उस्मानाबादी शेळी आमच्या शेजारच्या जिल्ह्याची, आमच्या उन्हाला आणि बाभळीच्या पाल्याला सरावलेली. पाच महिन्यांत विते, जुळी द्यायची तिची रीत आहे, दोन वर्षांत तीन वेतं धरतात. वहिनीचं लहानपण शेळ्यांमागंच गेलेलं. तिच्याकडे ही विद्या पंचवीस वर्षं पडून होती, भांडवल नव्हतं एवढंच.

दिवाळीत दोन्ही व्याल्या. एकीला जुळी, एकीला एक. दोन बोकड, एक पाट, म्हणजे मादी. आणि हुलजंतीची यात्रा झाल्यावर गाव निघालं. ट्रॅक्टर भरले, भांडी-कुंडी, सरपण, कोंबड्या, लहानगी पोरं. चुलत भाऊ दोन दिवस घरात-अंगणात नुसत्या येरझारा घालत होता. सात वर्षांत पहिल्यांदा तो मागं राहिला होता आणि रिकाम्या गावात पुरुषमाणसानं काय करायचं ते त्याला कळेना. त्या पंधरवड्यात तो रोज प्याला. वहिनीनं मला फोन करून सांगितलं नाही, मला दुसऱ्यांकडून कळलं. अण्णाचं भाकीत खरं ठरतंय की काय अशी मला धास्ती वाटली. पण त्यानं शेळ्यांना हात लावला नाही, घरातल्या डब्याला लावला नाही. महिन्याभरानं जवळच्या डाळिंबाच्या बागेत त्याला रोजंदारी मिळाली, छाटणी, फवारणी. पिणं बंद झालं असं मी म्हणणार नाही. कमी झालं. फडात रोज रात्री अंग ठणकतं म्हणून टोळीच्या टोळी पिते, ते कारण तरी उरलं नाही.

अण्णा पुण्यात राहतो, आकड्यांत काम करतो. तो म्हणायचा, एका घराची गोष्ट ही गोष्टच असते, पुरावा नव्हे. ते बरोबरच आहे. मग मी त्याच्याशी भांडायला म्हणून वाचायला लागले. मध्य प्रदेशात इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत 'सेवा' या स्त्रियांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं २०११ पासून एक प्रयोग केला होता. गावातल्या प्रत्येकाला, कसलीही अट न घालता, मोठ्या माणसाला महिना २०० रुपये आणि मुलामागे १०० रुपये. वर्षभरानं ते ३०० आणि १५० केले. मुलांचे पैसे आईच्या हाती. ज्या गावांत पैसे दिले नव्हते त्यांच्याशी तुलना केली तेव्हा दिसलं की दारू वाढली नाही. मुलांचं पोषण सुधारलं, जनावरं वाढली, आणि दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी सोडून माणसं आपल्या कामाकडे, आपल्या शेताकडे वळली. ते वाचताना मला मुरमाड माळावरच्या आमच्या दोन शेळ्या दिसत होत्या.

दुसरा अभ्यास केनियातला, हाउसहोफर आणि शापिरो या दोघांचा, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथं काही घरांना पैसे एकरकमी दिले, काहींना महिन्या-महिन्याला. दारू-तंबाखूवरचा खर्च तिथंही वाढला नाही. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटली. दरमहा मिळालेल्या पैशानं घरातलं खाणं-पिणं सावरण्याची शक्यता जास्त होती आणि एकरकमी मिळालेला पैसा टिकाऊ वस्तूंत जाण्याची.

ही गोष्ट मला २०२४ मध्ये पुन्हा आठवली. त्या वर्षी लाडकी बहीण योजना आली आणि वहिनीच्या खात्यावर महिना दीड हजार यायला लागले. त्याआधीपासून म्हाताऱ्या सासऱ्याच्या नावावरच्या दोन एकरांवर पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत येतात, आणि २०२३ पासून राज्याचे नमो शेतकरी योजनेचे आणखी सहा हजार. (ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला या दोन्हींतलं काही नाही, आणि कोयता घेणाऱ्यांत असे कितीतरी.) लोक या पैशांना नावं ठेवतात, फुकटची सवय लागली म्हणतात. मी वहिनीला विचारलं, दीड हजारांचं काय करतेस? किराणा, गॅस, लेकीची वह्या-पुस्तकं, सासऱ्याच्या गोळ्या. महिन्याच्या शेवटी दुकानदाराची उधारी राहत नाही, हे तिला फार मोठं वाटतं, आणि आहेच. पण मग मी विचारलं, २०२२ मध्ये आमच्या ऐवजी हेच असते तर? ती थोडं थांबून म्हणाली, "चूल चालली आस्ती. कोयता न्हाई सुटला आस्ता."

दोन्ही हवेत, असं मला आता वाटतं. चुलीला दर महिन्याचे आणि बाकी फेडायला, शेळी घ्यायला एकदाच पण पुरेसे. महिन्याचे दीड हजार साठवून कुणी गाभण शेळी आणू शकत नाही, कारण साठायच्या आत घरातलं कुणीतरी आजारी पडतं. आणि वेळही महत्त्वाची. आमचे पैसे श्रावणात गेले, मुकादम यायच्या आधी. हेच चाळीस हजार कार्तिकात दिले असते तर तोवर नवी उचल घेऊन झाली असती, नव्या कागदावर अंगठा उठलेला असता. आम्ही हे काही शहाणपणानं केलं नव्हतं. आईची तिथी श्रावणात होती, म्हणून झालं.

सगळं चांगलंच झालं असंही नाही. २०२३ च्या पावसाळ्यात ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. दोन बोकड तिनं त्याआधीच आखाडात विकले होते, मटणाला मागणी असते तेव्हा. एक साडेसात हजारांना, एक सहा हजार आठशेला. त्यातले बरेचसे पैसे कडब्यात गेले. जिल्ह्यात दुष्काळाची भाषा सुरू झाली की पेंढीचा भाव पहिला चढतो. मग सप्टेंबरात पाऊस आला, कोवळं गवत उगवलं आणि दुसऱ्या वेताची तीन करडं आठवड्याभरात गेली. पोट फुगून, हगवण लागून. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडाला टोचायची असते, ती राहिली होती. पशुवैद्यकीय दवाखाना गावापासून लांब, आणि डॉक्टर गावात कोणत्या दिवशी येणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

वहिनी फोनवर रडली. तेवढी ती काविळीतही रडली नव्हती. मी काय बोलणार? पैसे दिले की आपलं काम संपलं असं मी धरून चालले होते. तिला निर्णय घेता येत होते, ते घेऊ देणं बरोबरच होतं. पण लस, दवाखाना, रस्ता, पाणी या गोष्टी चाळीस हजारांत कुणाला विकत घेता येत नाहीत. त्या सरकारनंच दारापर्यंत आणायच्या असतात. थेट पैसे देतोय ना, मग बाकी सगळं तुमचं तुम्ही बघा, असं कुणी म्हणायला लागलं तर ते मला कधीच पटणार नाही. त्या वर्षापासून मी मोबाइलवर लसीकरणाच्या तारखा लावून ठेवल्या आहेत आणि तिला फोन करते. तीन करडं गेल्यावर चुलत भाऊ म्हणाला होता, चल, यंदा उचल घेऊ. भादवा होता, मुकादमाची मोटारसायकल गल्लीत फिरत होती. डब्यात बोकडांचे चार-पाच हजार शिल्लक होते. तेवढ्यावर तिनं नाही म्हटलं.

आज तिच्याकडे लहान-मोठ्या मिळून सात शेळ्या आहेत. सात म्हणजे काही मोठा कळप नव्हे. घर अजून पत्र्याचंच आहे. चुलत भाऊ अजून दुसऱ्याच्या बागेत रोजानं जातो. पण लेंडीखत त्यांच्या दोन एकरांत पडायला लागलं आहे, आणि लेक दिवाळीनंतरही शाळेत असते. पूर्वी दर वर्षी तिचं नाव हजेरीपटावर असायचं आणि ती फडाच्या कडेला धाकट्या भावाला सांभाळत बसलेली असायची. अण्णा अजूनही म्हणतो, एका घरावरून नियम काढू नये. मी नियम काढत नाही.

हुरड्याच्या दिवसाचं मात्र सांगायचं राहिलं. जानेवारी २०२३, म्हणजे पैसे देऊन पाच महिने झाले होते. वहिनीचा फोन आला, "वन्सं, हुरड्याला या. आमी घरीच हाव आवंदा." ज्वारी हुरड्यात येते तेव्हा कोयतेवाले फडात असतात, त्यामुळे आपल्याच रानातला हुरडा तिनं सात वर्षं चाखला नव्हता. तिच्या धाकट्या पोरानं तर कधीच नाही. मी सोलापुरातून पहाटेच्या एसटीनं निघाले. दोन एकरांच्या कडेला आगटी पेटवलेली, कणसं भाजणं चालू, लेक हातावर चोळून दाणे पाखडत होती. शेंगांची चटणी, दही, गूळ. धाकट्यानं पहिली मूठ तोंडात टाकली आणि गरम लागल्यानं नाचायलाच लागला. दोन शेळ्या बांधावर बोरीला बांधल्या होत्या, करडं आमच्या पायांत येत होती.

खाणं झाल्यावर वहिनीनं पिशवीतून एक वही काढली. अण्णानं हिशेब मागितला होता ना, तो. लेकीनं शाळेच्या जुन्या वहीत, उरलेल्या कोऱ्या पानांवर लिहिला होता, निळ्या शाईत, ओळी आखून. मुकादम, शेळ्या, पत्रे, ड्रेस, सायकल. मी वाचत होते आणि वहिनी माझ्या शेजारी बसून वही धरून होती. फोनवर तिनं सांगितलेला शेवटचा आकडा अठ्ठावीसशेचा होता. वहीत सव्वीसशे होते. आणि त्याच्या खालच्या ओळीवर तिनं अंगठा ठेवला होता.

मी पान उलटायला गेले तेव्हा अंगठा जरा सरकला. लेकीनं नेटक्या अक्षरात लिहिलं होतं : आईच्या बांगड्या, २०० रु.

वहिनीचा चेहरा उतरला. ती अंगणाकडे बघावं तसं रानाकडे बघायला लागली. चाळीस हजारांतले दोनशे, आणि ते झाकायची वेळ मी तिच्यावर आणली होती. आईच्या नावानं मांडव घातला असता तर नुसत्या फुलांना याहून जास्त गेले असते आणि त्याचा हिशेब कुणी कुणाला मागितला नसता.

मी वही मिटली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "बघू तरी," म्हटलं.

तिला आधी कळेना. मग तिनं पदराखालून दोन्ही हात पुढं केले. हिरव्या, बारीक सोनेरी ठिपक्यांच्या. भाजलेल्या कणसांची काजळी मनगटापर्यंत लागलेली, ती तिनं आधी पदरानं पुसली.

"मंगळवेढ्यात घेतल्या," ती म्हणाली. "फडात टिकत न्हाईत ओ. सात वरसं घातल्याच नव्हत्या."